वशिंडाचा प्रवास

वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्या बिबवेवाडीत गाय शोधावी लागते. शेते गेली, सोसायट्या आल्या आणि गाय काही पार्किंगमध्ये मावत नाही. तरी आमच्या रस्त्याच्या टोकाला एका गवळीबुवांनी चार खुंट अजून टिकवून धरले आहेत. गेल्या वसुबारसेला तिथे बायकांची ही रांग! ताटात निरांजन, गवारीची भाजी, बाजरीची भाकरी. ह्यूस्टनहून सुट्टीवर आलेला माझा पुतण्या ओवाळणीचे ताट धरायला बरोबर होता. गाईकडे पाहून तो म्हणाला,

"काका, हिचं वशिंड कुठं गेलं?"

खरेच, गाय काळी-पांढरी, पाठ टेबलासारखी सपाट, मानेखाली पोळी नाही. बायका मनोभावे ओवाळीत होत्या ती होल्स्टीनची संकरित गाय. म्हणजे आजोळ हॉलंडचे.

"आमच्याकडे टेक्ससला वशिंडाच्या गाई माळावर चरताना दिसतात," पुतण्या सांगू लागला. "अगदी कॅलेंडरावरच्या नंदीसारख्या. त्यांना तिथे ब्राह्मन म्हणतात."

हे ऐकून मी थक्क झालो नाही, कारण त्या गाईंची कुळकथा मला ठाऊक होती. वाचकांनाही ती ठाऊक असावी, कारण तिचा एक धागा आपल्या कृष्णाकाठचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांगली भागातल्या संस्थानिकांना एक अडचण होती. कृष्णेची काळी जमीन पावसात अशी चिकटते, की नांगर ओढता ओढता हलका बैल गुडघे टेकतो. मग त्यांनी गीर, ओंगोल, कांकरेज आणि गावरान गाई यांचा मेळ घालून एक दांडगी जात तयार केली. सरकारी कागदांत तिचे नाव 'कृष्णा व्हॅली'. खिल्लार पळण्यात वाघ. ही जात ओढण्यात हत्ती.

त्याच सुमारास टेक्ससच्या गोपालकांचे निराळेच दुखणे होते. विलायती गाईंना तिथला उन्हाळा सोसवेना आणि गोचीडतापाने जनावरे मरत. हिंदुस्थानी जनावराची कातडी सैल, त्याला घाम बरा येतो, गोचीड त्याला फारशी जुमानत नाही. म्हणून 1906 साली पियर्स रँचसाठी ए. पी. बोर्डन नावाचे गृहस्थ हिंदुस्थानातून जनावरे घेऊन गेले. काही आधी गेली होती, काही पुढे ब्राझीलमार्गे पोचली. सगळी मिळून तीनशेच्या आतच आणि त्यांत बहुतेक वळू. गीर, गुजरातकडची, नेल्लोरची आणि आपली कृष्णाकाठची, या चार रक्तांतून अमेरिकन ब्राह्मन झाली. 1924 साली तिची संघटनाही निघाली.

आता पुढचे सांगताना गोमांसाचा विषय निघतो. दिवाळी अंकात तो काढला म्हणून कोणी रागावू नये; त्यावाचून ही कथा पुरी होत नाही.

टेक्ससला बैल नांगराला नको होता. ताटात हवा होता आणि तिथे आमचे वशिंड आडवे आले. तिकडे मांसाची प्रत ठरते ती स्नायूंच्या धाग्यांत चरबीचे बारीक पांढरे जाळे किती, यावर. जपानच्या वाग्यूची कीर्ती त्या जाळ्याची. आमच्या जनावराच्या स्नायूंत ते फारसे धरत नाही. शिवाय जनावर कापल्यावर मांस आपोआप मऊ करणारी द्रव्ये स्नायूंत असतात, पण वशिंडवाल्या जातींत त्यांना अटकाव करणारे द्रव्य जास्त. म्हणून मांस चिवट! मग त्यांनी गणित मांडले. तीन अष्टमांश ब्राह्मन, पाच अष्टमांश शॉर्टहॉर्न; झाली सांता गर्ट्रूडिस. शॉर्टहॉर्नच्या जागी अँगस घातली, झाली ब्रँगस. ऊन सोसणारे अंग आपल्याकडचे, घास मऊ करणारे रक्त विलायतेचे.

गंमत अशी, की 'सर्टिफाइड अँगस' या नावाने जे मांस विकतात, त्यासाठी तपासनीस मानेवरचा उंचवटा मोजतो. दोन इंचांहून जास्त भरला, की नापास! आमच्याकडे बैलबाजारात गिऱ्हाइकाचा हात आधी वशिंडावर जातो. ते भरदार असेल तर जू नीट बसेल म्हणून. ब्राझीलने तिसराच निकाल दिला. तिथे वशिंड भाजून चवीने खातात. त्याला 'कुपिम' म्हणतात.

आपण काय केले? मणिभाई देसाईंना गांधीजींनी 1946 साली उरुळीकांचनला ठेवले. मणिभाईंनी गिरी गाई सांभाळल्या आणि 1967 साली 'बाएफ' संस्था काढली. होल्स्टीन आणि जर्सीचे रेतन शेतकऱ्याच्या दारी पोचले. दूध वाढले, लहान शेतकऱ्याच्या घरात रोजचा पैसा आला. हे उपकार मोठे आहेत; संकराला नुसती नावे ठेवणाऱ्यांनी चहातले दूध कुठून येते ते आधी पाहावे. परंतु संकरित गोऱ्ह्याला वशिंड नाममात्र, म्हणून जू घसरते. भर उन्हात तो धापा टाकतो. त्यातच ट्रॅक्टर आला. कृष्णाकाठची ती जात ज्या कामासाठी घडवली ते कामच उरले नाही. आज तिची जनावरे हुडकावी लागतात. गोवधाला राज्यात 1976 च्या कायद्याने बंदी होतीच. 2015 साली ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. कायदा जनावराला जगवा म्हणतो. चाऱ्याचे बिल मात्र मालकाच्या नावावर येते.

ओवाळणी आटोपल्यावर मी गवळीबुवांना विचारले, "गोऱ्हा झाला तर काय करता हो?"

त्यांनी शेणाचा हात पुसला. "काय सांगू मास्तर! महिनाभर दूध पाजायचं, मंग कुणी नेतो का बघायचं. न्हाई नेला तर..." ते गाईकडे पाहू लागले. मीही पुढे विचारले नाही. बायकांच्या ताटांतली निरांजने अजून जळत होती.

थोड्या वेळाने तेच म्हणाले, "औंदा कालवडीचीच कांडी भरलीय. शंभरात नव्वद कालवडीच होत्यात म्हणं डॉक्टर. महाग हाय जरा."

पुतण्याने वाकून त्या सपाट पाठीवरून, जिथे वशिंड असते तिथून, हात फिरवला. गाईने कान हलवले. गवळीबुवा हसून म्हणाले, "दादा, तुमच्याकडचं एखादं धाडून द्या की परत!"