महासाथ, नर्सरी आणि घरातली माणसे

महासाथीत लहान मुलाला नर्सरीत पाठवायचे की घरी ठेवायचे, हे इंग्लंडमध्ये कायद्याने पालकांच्याच हाती होते. तेथे सक्तीचे शिक्षण मुलाचा पाचवा वाढदिवस झाल्यानंतरच्या सत्रापासून सुरू होते. त्याआधी नर्सरी, प्लेग्रुप किंवा स्वतःच्या घरी मुले सांभाळणारी चाइल्डमाइंडर यांपैकी कुठेही मूल पाठवले नाही तरी दंड होत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये शाळांतील हजेरी पुन्हा सक्तीची झाली, तेव्हाही दोन-तीन वर्षांच्या मुलांना ती लागू नव्हती. नर्सरी उघडी राहील की बंद, एवढेच सरकार ठरवत होते. ती उघडी असताना मुलाला पाठवावे की नाही, याचा विचार प्रत्येक घराला स्वतःच करावा लागला. त्या विचारात बहुतेक ठिकाणी मुलाच्या प्रकृतीचा प्रश्न पहिला आला. कोविडपुरते बोलायचे तर पहिला प्रश्न घरातल्या मोठ्या माणसांचा असायला हवा होता.

इंग्लंडमधील नर्सऱ्या २० मार्च २०२० च्या संध्याकाळी बंद झाल्या. अत्यावश्यक सेवेतील पालकांची मुले आणि विशेष संरक्षणाची गरज असलेली मुले यांना तेवढी सूट होती. १ जूनपासून त्या सर्वांसाठी उघडल्या आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या लॉकडाउनमध्येही सुरू राहिल्या. खरा पेच जानेवारी २०२१ मध्ये पडला. अल्फा हा नवा उपप्रकार वेगाने पसरत होता आणि वर्षाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये दर ५० माणसांमागे एकाला संसर्ग असल्याचा राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा अंदाज होता. ४ जानेवारीला तिसरा लॉकडाउन जाहीर झाला. शाळा बहुसंख्य मुलांसाठी बंद झाल्या, नर्सऱ्या मात्र सर्वांसाठी उघड्या राहिल्या. पाच वर्षांच्या भावाने घरी बसायचे आणि तीन वर्षांच्या बहिणीने रोज नर्सरीत जायचे, असे चित्र अनेक घरांत दिसू लागले. नर्सरीचालकांच्या अर्ली इयर्स अलायन्ससारख्या संस्थांनी या फरकामागचा शास्त्रीय आधार सरकारकडे मागितला. त्याच महिन्यात स्कॉटलंडने मात्र नर्सऱ्या बहुतेक मुलांसाठी बंद ठेवल्या आणि २२ फेब्रुवारीला उघडल्या. विषाणू तोच आणि मुलांचे वयही तेच असताना सीमेच्या दोन बाजूंना दोन निर्णय झाले. त्यामुळे ‘सरकारने उघडी ठेवली आहे, म्हणजे पाठवायला हरकत नाही’ हा युक्तिवाद टिकत नाही. नर्सऱ्या उघड्या ठेवताना पालकांच्या नोकऱ्या, अर्थव्यवस्था आणि मुलांचा विकास या सगळ्यांचा विचार सरकार करत होते. एखाद्या विशिष्ट घरातल्या विशिष्ट आजारी माणसाचा हिशेब त्यात मावणे शक्यच नव्हते.

मुलाच्या स्वतःच्या धोक्याविषयी माहिती लवकर आणि बऱ्यापैकी स्पष्ट मिळाली. युनायटेड किंग्डममधील मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २३ ऑगस्ट २०२० रोजी संयुक्त निवेदन काढले. कोविडने मूल दगावण्याचा धोका अत्यंत कमी आहे आणि शाळा व बालसंगोपन केंद्रांपासून दूर राहण्याचे नुकसान त्याहून मोठे आहे, असे त्यांनी सांगितले. एप्रिल २०२० पासून काही मुलांमध्ये संसर्गानंतर काही आठवड्यांनी अनेक अवयवांना सूज येण्याचा विकार दिसू लागला होता. तो गंभीर होता, पण दुर्मीळ. तान्ह्या बाळांना आणि मुळात मोठा आजार असलेल्या मुलांना जास्त जपणे आवश्यक होते, आणि अशा मुलांचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांशी बोलूनच व्हायला हवा होता. बाकी निरोगी मुलाच्या बाबतीत मात्र त्याच्या जिवाची भीती हे घरी ठेवण्याचे सबळ कारण नव्हते.

घरातल्या मोठ्यांचे तसे नव्हते. तीन वर्षांचे मूल मास्क लावत नाही, अंतर ठेवत नाही आणि ठेवूही नये. ते संसर्ग घेऊन आले तर तो आईवडिलांना आणि आजी-आजोबांना होणार, हे गृहीतच धरावे लागते. वयाबरोबर मृत्यूचा धोका किती झपाट्याने वाढतो हे पहिल्या लाटेतच दिसले होते. दक्षिण आशियाई घरांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची होती. पब्लिक हेल्थ इंग्लंडच्या जून २०२० मधील अहवालानुसार, वय, प्रदेश यांसारखे घटक जमेस धरूनही भारतीय वंशाच्या लोकांसह अनेक गटांमध्ये मृत्यूचा धोका श्वेतवर्णीय ब्रिटिशांपेक्षा १० ते ५० टक्के जास्त होता. त्यात तेथील मराठी कुटुंबांची एक नेहमीची सोय अंगावर आली. नातवंडासाठी सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर पुण्या-नाशिकहून आलेले आजी-आजोबा मार्च २०२० मध्ये विमाने बंद झाल्यावर तेथेच अडकले. मधुमेह किंवा रक्तदाब असलेला सत्तरीचा माणूस दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नातवापासून वेगळा ठेवणे हे कागदावरच शक्य असते. ज्यांचे आजी-आजोबा येऊ शकले नाहीत, त्यांच्यापुढे उलटी अडचण होती. मूल सांभाळायला कुणीच नसल्याने नर्सरी ही त्यांची एकमेव व्यवस्था होती. भारत २३ एप्रिल २०२१ रोजी ब्रिटनच्या कडक प्रवासनिर्बंधांच्या रेड लिस्टमध्ये गेला आणि ८ ऑगस्टला त्यातून बाहेर आला, तोवर आजी-आजोबांची वाट पाहणे आणखी लांबले.

दुसऱ्या बाळाची वाट पाहणाऱ्या घरांचाही येथे वेगळा उल्लेख करायला हवा, कारण थोरले मूल नेमके नर्सरीच्या वयाचे असते. गरोदर स्त्रियांना १६ मार्च २०२० पासूनच जास्त जपावे लागणाऱ्या गटात धरले होते आणि शेवटचे तीन महिने विशेष काळजीचे मानले जात होते. त्यांना सरसकट वयानुसार लस देण्याचा सल्ला आला तो १६ एप्रिल २०२१ रोजी.

थांबायचे असेल तर ते कधीपर्यंत, हा प्रश्न सर्वांत उपयोगी ठरला असता, आणि नेमका तोच कमी विचारला गेला. ८ डिसेंबर २०२० रोजी लसीकरण सुरू झाले. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सत्तरीपुढील सर्वांना आणि अतिजोखमीच्या रुग्णांना पहिला डोस देण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले आणि ते पाळले गेले. म्हणजे जानेवारी २०२१ मध्ये ज्या घरात वृद्ध किंवा कर्करोगावर उपचार घेणारा माणूस होता, तेथे मुलाला घरी ठेवण्याला ठरावीक शेवट होता: डोस मिळेपर्यंत आणि त्यानंतरचे दोन-तीन आठवडे. इतक्या थोड्या काळासाठी मूल घरी ठेवून एखाद्या माणसाचा जीव वाचण्याची शक्यता वाढत असेल, तर ते ठेवणेच योग्य. २०२० च्या उन्हाळ्यात असा शेवट दिसत नव्हता आणि संसर्ग मात्र कमी होता. तेव्हा ‘लस येईपर्यंत नको’ म्हणणे म्हणजे तीन वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा मोठा हिस्सा अनिश्चित काळासाठी थांबवणे होते. थांबायला शेवट असेल तर थांबावे, नसेल तर धोका कमी करून पाठवावे, हा निकष बहुतेक घरांना पुरला असता.

धोका कमी करायचा म्हणजे नर्सरी पारखून घ्यायची. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक, दोन वर्षांच्या चार मुलांमागे एक आणि त्यापुढे साधारणतः आठ मुलांमागे एक कर्मचारी असा नियम तेव्हा होता. प्रत्येक मुलाची जबाबदारी एका ठरलेल्या कर्मचाऱ्याकडे असते. त्यामुळे लहान, न बदलणारे गट करणे नर्सरीला शाळेपेक्षा सोपे होते. पण सगळ्याच नर्सऱ्यांनी ते सारख्या काटेकोरपणे केले असे नाही. गट दुपारच्या जेवणाला एकत्र येतात का, कर्मचारी दोन-तीन केंद्रांत काम करतात का, खिडक्या उघडतात का आणि मुले दिवसातले किती तास बाहेर असतात, हे विचारणे पालकांचा हक्क होता. पृष्ठभाग दिवसातून किती वेळा पुसले जातात याची चौकशी सगळे करत. हवेविषयी फार थोडे विचारत, आणि हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरत होता. बराच वेळ बागेत घालवणारी नर्सरी किंवा मोजकीच मुले सांभाळणारी चाइल्डमाइंडर हा अनेक घरांसाठी चांगला मधला मार्ग होता.

आठवड्यात किती दिवस पाठवायचे, यातही फरक पडत असे. एक आठवडा पाठवायचे, बातम्या ऐकून दोन आठवडे ठेवून घ्यायचे, पुन्हा पाठवायचे, अशा धरसोडीत मुलाला दर वेळी नव्याने रुळावे लागते, आणि त्या काळात आईला आत येऊ न देता मूल दारातूनच घेतले जात होते. त्यापेक्षा ठरलेले दोन दिवस सातत्याने पाठवणे बरे. लहान मुलांना वर्षाला आठ किंवा त्याहून जास्त वेळा सर्दी होणे नेहमीचेच, पण त्या काळात खोकला किंवा ताप आला की चाचणी आणि निकाल येईपर्यंत सगळे घर बंद. सप्टेंबर २०२० मध्ये तर चाचणीची वेळच मिळत नव्हती. पाठवायचे ठरवणाऱ्यांनी हे दिवस सुट्टीत आधीच धरून ठेवणे गरजेचे होते.

घरी ठेवल्याने मुलाचे काय गेले? शिक्षणसंस्थांची तपासणी करणाऱ्या ऑफस्टेडने नोव्हेंबर २०२० मध्ये नोंदवले की काही लहान मुले पुन्हा नॅपीवर आली होती आणि काट्या-सुरीने खायचे विसरली होती. ज्यांच्या आईवडिलांना घरून काम करणे शक्य नव्हते, अशा मुलांवर हा परिणाम जास्त होता. शिकणे मागे पडेल ही चिंता या वयात गौण मानावी. समवयस्कांशी भांडणे, वाटून घेणे आणि घराबाहेरच्या माणसावर विश्वास टाकणे या गोष्टी स्क्रीनवर होत नाहीत. मराठी घरांत आणखी एक भीती होती, की वर्षभर घरी राहिलेले मूल इंग्रजी कसे बोलणार. ती अनाठायी होती. या वयाची मुले नर्सरीत रुळल्यावर इंग्रजी उचलतात, आणि तोवर घरात भरपूर मराठी ऐकलेले मूल त्यात मागे पडत नाही. उलट, दोन्ही पालक दिवसभर कॉलवर आणि मूल यूट्यूबसमोर असे घर असेल, तर तेथे ना मराठी वाढत होती ना इंग्रजी. अशा घराने, जोखमीचे कुणी नसेल तर, मूल नर्सरीत पाठवणे हेच त्याच्या हिताचे होते. त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नव्हते. रुग्णालयात पाळ्या करणाऱ्या डॉक्टर आणि नर्स पालकांपुढे तर दुसरी वाटच नव्हती.

पैशाचा भाग थोडक्यात. नर्सरी बंद असताना आकारलेल्या शुल्काची दखल बाजारातील स्पर्धेवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाने घेतली आणि जुलै २०२० मध्ये नर्सऱ्यांना उद्देशून खुले पत्र काढले. पण नर्सरी उघडी असताना मूल स्वेच्छेने घरी ठेवले, तर करारानुसार शुल्क बहुधा द्यावेच लागे. तीन-चार वर्षांच्या सर्व मुलांना आठवड्याचे १५ तास मोफत होते. नोकरदार पालकांना मिळणारे ३० तास मात्र दोघेही सरकारी साहाय्यास अपात्र ठरवणाऱ्या व्हिसावर असतील तर मिळत नसत. म्हणजे नुकत्याच आलेल्या कुटुंबांना सावधगिरीची किंमत सर्वांत जास्त पडत होती.

हा सगळा हिशेब कोविडचा आहे. तो पुढच्या साथीला जसाच्या तसा लावणे धोक्याचे ठरेल. २००९ च्या एच१एन१ फ्लूमध्ये पाच वर्षांखालील मुले स्वतःच जोखमीच्या गटात होती. त्या वर्षी ऑगस्टमध्ये भारतातील पहिला मृत्यू पुण्यातील एका शाळकरी मुलीचा झाला आणि शहरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अशा आजारात मुलाच्या प्रकृतीचा प्रश्न खरोखरच पहिला येतो, आणि नर्सरी उघडी असली तरी निरोगी मूलही काही काळ घरी ठेवणे रास्त ठरू शकते. आरएसव्हीसारखा श्वसनमार्गाचा विषाणू तान्ह्या बाळांनाच जास्त त्रास देतो. २०२०-२१ च्या हिवाळ्यात तो जवळजवळ दिसलाच नाही आणि २०२१ च्या उन्हाळ्यात, अवेळी, उसळला. त्यामुळे नवी साथ आली की नर्सरीच्या सूचनाफलकाआधी त्या आजाराची वयानुसार आकडेवारी पाहावी आणि त्यातले वय आपल्या घरातल्या माणसांशी ताडून पाहावे.