‘मिस्टर बॅड गाय’च्या बाजूने

पाचगणीत पाऊल ठेवलेल्या प्रत्येक सुशिक्षित माणसाला एक गोष्ट हमखास ऐकवली जाते: फ्रेडी मर्क्युरी इथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. ऐकणारा ‘हो का?’ म्हणतो, छायाचित्र काढतो आणि स्ट्रॉबेरी खायला जातो. २०१८ च्या ‘बोहीमियन ऱ्हॅप्सडी’ चित्रपटानंतर तर हा अभिमान अधिकच स्वस्त झाला. आमचा आक्षेप अभिमानाला नाही. ज्याचा अभिमान बाळगायचा त्याचे काम न ऐकता तो बाळगता येतो, या समजुतीला आहे. आणि ऐकलेच, तर सगळे ऐकतात ते ‘क्वीन’. मर्क्युरीने स्वतःच्या नावावर केलेला पहिला संग्रह, १९८५ चा ‘मिस्टर बॅड गाय’, आजही अडगळीत आहे. त्याचे चाहते थोडे आहेत, पण चिवट आहेत. आम्ही त्यांच्यापैकीच.

या संग्रहावरचा ठरलेला निकाल असा: हे ‘क्वीन’ नव्हे, गिटार कमी, नृत्यसंगीत फार, म्हणून दुय्यम. ब्रिटनमध्ये तो ६ व्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत मात्र पहिल्या शंभरातही आला नाही, आणि त्याच वर्षी १३ जुलैला ‘लाइव्ह एड’च्या मंचावर ‘क्वीन’ने जो जयजयकार मिळवला त्याखाली तो पार दबून गेला. पण ‘हे ते नव्हे’ हे समीक्षेचे विधान होऊच शकत नाही. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना हा दोष ओळखीचा असावा. मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’, ‘तांबडी माती’ आणि ‘पाणी’ या कादंबऱ्या आपण किती वाचतो? त्या ‘मर्ढेकरांची कविता’ नाहीत, एवढ्याच अपराधासाठी त्या आपण कपाटात ठेवल्या. गंमत अशी, की कलाकृती तिच्या अंतर्गत रचनेवरून, संवाद, विरोध आणि समतोल या लयींवरून जोखावी, हे आपल्याला मर्ढेकरांनीच शिकवले होते.

तोच निकष इथे लावून पाहावा. अकरा गाणी, सगळी मर्क्युरीची. ध्वनिमुद्रण म्युनिकमध्ये, निर्मितीत राइनहोल्ड मॅक याची साथ. शीर्षकगीतात त्याने बँड बाजूला सारून पूर्ण वाद्यवृंद उभा केला आहे. स्वतःला खलनायक म्हणवणारा आवाज आणि त्याच्यामागे राजेशाही थाटाची तंतुवाद्ये: हा विरोध आहे, आणि गाण्यातला विनोद त्यातूनच जन्मतो. ‘देअर मस्ट बी मोअर टू लाइफ दॅन धिस’मध्ये याच्या उलट, पियानो आणि गळा एवढ्यावरच सारे तोलले आहे, आवाज चढवण्याची संधी समोर असताना तो ती बराच वेळ नाकारतो. ‘लिव्हिंग ऑन माय ओन’मध्ये एकटेपणाचे रडगाणे नाचऱ्या ठेक्यावर ठेवले आहे, आणि शब्द संपतात तिथे अर्थहीन अक्षरांची लड सुरू होते. ही अक्षरे भरीची नाहीत. जे सांगता येत नाही ते तीच सांगतात. तराण्याशी परिचय असलेल्या श्रोत्याला हे समजावून सांगायची गरज पडू नये.

पाचगणीशी नाते जोडायचेच असेल, तर ते इथे जोडावे. झांझिबारहून आठव्या वर्षी वसतिगृहात आलेला फारुख बुलसारा शाळेत पियानो शिकला, आणि मुलांच्या ‘हेक्टिक्स’ नावाच्या बँडमध्ये तो पियानोवर असे. मुख्य गायक दुसराच होता. ‘मिस्टर बॅड गाय’ हा त्या पियानोवाल्याचा संग्रह आहे. ‘त्याच्या सुरांत सह्याद्री आहे’ वगैरे भाबडी विधाने आम्ही करणार नाही.

आता पुढचे अन्यायही पाहा, कारण ते कौतुकाच्या वेषात आले. १९९१ साली मर्क्युरी वारला. १९९३ मध्ये ‘लिव्हिंग ऑन माय ओन’चे नवे नृत्यरूप ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. १९९५ मध्ये ‘क्वीन’ने ‘मेड इन हेवन’ आणि ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ ही दोन गाणी घेऊन त्यांवर गिटार आणि ढोल चढवले, आणि आता ही गाणी ‘पूर्ण’ झाली, असे पुष्कळांनी ठरवले. २०१९ मध्ये सगळा संग्रह नव्याने मिसळून पुन्हा काढला गेला. एकच प्रश्न विचारतो: रचना सामान्य होती, तर तिला इतक्या वेळा नवे कपडे का शिवावे लागले? कपडे बदलून गाणे टिकते याचा अर्थ गाणे कपड्यांत नव्हते.

आमच्या पंथालाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. काही चाहते या संग्रहात खोटच नाही असे सांगतात. ते खरे नाही. ठेक्याची यंत्रे आणि सिंथेसायझर आपल्या काळाला घट्ट चिकटून आहेत, आणि दोन-तीन गाणी नुसती उत्साहावर चालतात. दोष मान्य न करणारा रसिक भक्त होतो, आणि भक्ताच्या साक्षीला न्यायालयात किंमत नसते. ज्याने हा संग्रह आपल्या मांजरांना आणि जगभरच्या मांजरप्रेमींना अर्पण केला, त्याला भक्तांची फारशी गरज नसावी.

पाचगणीहून पसरणीचा घाट उतरला की शाहीर साबळ्यांचे पसरणी गाव लागते, आणि पुढे वाई, जिथे मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. एवढ्याशा अंतरात लोकगीत, ज्ञानकोश आणि रॉक यांचे धागे आहेत. यांतल्या तिसऱ्याविषयी आपल्या समीक्षेने शाळेचे नाव सांगण्यापलीकडे काही केलेले आम्हाला आढळले नाही. परदेशी चालीचे, इंग्रजी शब्दांचे म्हणून ते आपल्या कक्षेबाहेरचे, असे म्हणणाऱ्यांनी मग शाळेच्या फाटकासमोरची छायाचित्रेही काढू नयेत. ज्यांना ती काढायची आहेत, त्यांनी आधी चाळीस-एक मिनिटे शांत बसून हा संग्रह ऐकावा. नाही आवडला तर तसे कारणांसह लिहावे. तेवढ्यावरही आम्ही समाधानी राहू.