तुमच्या टचस्क्रीनमधला थर आणि प्रकाशाचा सांधा

मागच्या आठवड्यात शिरूरमध्ये फोनची फुटलेली स्क्रीन बदलून घेतली. जुनी काच टाकून दिली. पण बोटाचा स्पर्श ओळखायला टचस्क्रीनमध्ये जो पदार्थ वापरतात, तोच सध्या प्रकाशाच्या संशोधनात गाजतोय: इंडियम टिन ऑक्साइड, थोडक्यात आयटीओ. पारदर्शक, तरीही वीज वाहून नेणारा.

आधी मेटासरफेस म्हणजे काय ते बघू. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान खांबांची नक्षी सपाट पृष्ठभागावर कोरली, की तो भिंगासारखा प्रकाश वळवतो. हे फोनपर्यंत पोचलंय. २०२२ मध्ये एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स आणि मेटालेन्झ यांनी अंतर मोजणाऱ्या सेन्सरसाठी अशी भिंगं बाजारात आणली. पण ही नक्षी एकदा कोरली की कायमची.

पुढची पायरी म्हणजे प्रकाश येत असतानाच पृष्ठभागाचे गुण बदलणं. दौंड जंक्शन आठवा. पुण्याहून आलेली गाडी सोलापूरला जाणार की मनमाडला, हे सांधा ठरवतो. गाडी सांध्यावर असतानाच तो बदलला, तर गाडी घसरेल. प्रकाश घसरत नाही; त्याची फ्रिक्वेन्सी, म्हणजे रंग बदलतो.

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या रिकार्डो सॅपिएंझा यांच्या गटाने एप्रिल २०२३ मध्ये ‘नेचर फिजिक्स’मध्ये हेच दाखवलं. लेसरचे दोन झटके देऊन त्यांनी आयटीओच्या थराला दोनदा, क्षणभरच, चांगला आरसा बनवलं. थॉमस यंगच्या जुन्या प्रयोगात फटी जागेत होत्या, म्हणून पट्टे पडद्यावर दिसले. इथे फटी वेळेत होत्या, म्हणून पट्टे प्रकाशाच्या रंगांत उमटले. हा बदल काही फेम्टोसेकंदांत झाला. सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले, की त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद.

मग फोन लगेच सुसाट होणार का? नाही. तो थर साधा होता, नक्षी नसलेला. आणि प्रत्येक बदलाला ताकदवान लेसर लागला. असा लेसर खिशात मावत नाही. खरा फायदा आधी डेटा वाहून नेण्यात आणि प्रकाशावर चालणाऱ्या कॉम्प्युटिंगमध्ये होऊ शकतो, तोही ऊर्जेचं गणित सुटलं तर.

म्हणून उद्या जाहिरातीत ‘मेटासरफेस’ दिसलं, तर माझ्या मते दोनच प्रश्न विचारा. नक्षी कायमची आहे की बदलणारी? आणि बदलणारी असेल, तर त्यासाठी लागणारी ऊर्जा कुठून येते? दुसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत त्या नावासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.