खनिजाची कैफियत

खनिजसंग्राहक हा दगड वाहणारा हमाल, खरी विद्या रसायनज्ञाच्या मुशीत, आणि त्या उभयतांमधला पत्रव्यवहार म्हणजे फावल्या वेळचा शिष्टाचार, असे जे मत काही विद्वान मांडतात त्याच्या पुष्ट्यर्थ नागपूरचा दाखला हटकून पुढे येतो. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांच्या नावांवरून डब्लिनच्या सॅम्युअल हॉटन यांनी 1859 मध्ये नागपूरकडील दोन खनिजांस ‘हिस्लोपाइट’ व ‘हंटराइट’ म्हटले. आज त्यांपैकी एकही स्वतंत्र खनिज म्हणून मान्य नाही, पहिले तर हिरव्या मिश्रणाने रंगलेले कॅल्साइटच ठरले.

वस्तुस्थिती खरी, अनुमान मात्र उफराटे. चुकले ते मुशीतले नामकरण. ज्यांना हमाल म्हणून हिणवायचे त्या दोघांचा नागपूरच्या भूरचनेवरील 1855 चा निबंध, लाव्हाथरांमधील जीवाश्मांच्या स्थळवार नोंदींमुळे, आजही अभ्यासकांना उपयोगी पडतो. उलट, इंग्रज खनिजशास्त्रज्ञ ब्रुक यांनी 1822 मध्ये स्टिल्बाइटपासून वेगळे काढून लंडनचे संग्राहक हॉयलंड यांच्या नावे नोंदविलेले हॉयलंडाइट टिकले. आणि तेच जळगावच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतही सापडते.

आता दुसरा आक्षेप: क्ष-किरणयंत्र क्षणात खनिज ओळखते, मग चिठ्ठ्याचपाट्यांची तसदी कशाला? यंत्र ‘हे काय’ ते सांगते; कोणत्या थरातले, कोणाच्या शेजारचे, आधी स्टिल्बाइट बसले की अपोफिलाइट, ही जबानी ते देत नाही. खानदेशात खडीसाठी सुरुंग लागतो, पोकळी फुटते, मजूर हलक्या हाताने स्फटिक सोडवतो (त्याच्या त्या हाताचे मोल कोणत्याही पुस्तकात नाही), आणि पुढे तो स्फटिक परदेशी काचकपाटात ‘जळगाव, भारत’ एवढ्याच बेवारस पत्त्यावर जाऊन बसतो. जिल्हा म्हणजे काही खाण नव्हे. आणि खाण खोदून संपली की तिचा थर पुन्हा पाहण्याची सोयच उरत नाही.

म्हणून जुन्या पत्रव्यवहारातली शिस्त धुळे-जळगावच्या खाणीच्या तोंडाशीच रुजली पाहिजे: गाव, खोली, सोबतची खनिजे. गट क्रमांक तर स्वामित्वधनाच्या वसुलीसाठी महसुली दफ्तरात आधीच चढलेला असतो. तो तेवढा स्फटिकाच्या चिठ्ठीवर उतरवायचा आहे.