भूत नेमकं कोणत्या सिनेमात होतं?

ऑगस्ट २०२४ मध्ये 'स्त्री २' आला, तेव्हा गटातल्या आम्ही पाचजणी थिएटरात जाऊन बघून आलो. भुताचा आणि हसण्याचा सिनेमा. चंदेरी गावातल्या नव्या विचारांच्या मुलींना मुंडकं नसलेलं एक भूत पळवून नेतं, शेवटी त्याचा नायनाट होतो. पोरं शिट्ट्या मारत होती, बाप्ये टाळ्या वाजवत होते. आम्हीही वाजवल्या.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आरती कडव यांचा 'मिसेस' झी फाइव्हवर आला. जियो बेबी यांच्या २०२१ च्या मल्याळम 'द ग्रेट इंडियन किचन'वरून केलेला. तो एकीच्या घरी बसून पाहिला. यात भूत नाही. सासरे गोड बोलतात. चटणी मात्र पाट्यावरच वाटलेली हवी. नवरा डॉक्टर, पण ओट्याखालचा गळका पाइप दुरुस्त करायला माणूस बोलवायचं त्याच्या लक्षात राहत नाही. सिनेमा संपला, तेव्हा कुणीच टाळी वाजवली नाही. एक जण एवढंच म्हणाली, "आमच्याकडंही मिक्सरची चटणी चालत नाही."

गंमत पाहा. पहिल्या सिनेमावर कुणी पुरुष रागावला नाही. दुसऱ्यावर मात्र पुरुषांच्या हक्कांची भाषा करणाऱ्यांनी ओरड केली : स्वयंपाक करण्यात कसला आलाय छळ? असं का व्हावं? कारण मुंडकं नसलेलं भूत कुणाचा बाप नसतं, कुणाचा नवरा नसतं. पुरुषसत्तेला भुताचं रूप दिलं, की घरोघरचे सभ्य गृहस्थ निर्दोष सुटतात. चटणी मागणाऱ्या सासऱ्याला मात्र चेहरा आहे आणि तो ओळखीचा आहे.

केंद्र सरकारची २०१९ ची वेळ-वापर पाहणी काय सांगते? दिवसभरात घरकामाला हात लावणाऱ्या बाया शंभरात ८१, पुरुष २६. हात लावणाऱ्यांचा सरासरी वेळ बायांचा २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. हे कोणत्या भुताचं काम?

'मिसेस'ची नायिका घाण पाणी नवऱ्यावर ओतून घर सोडते. आम्हाला बरं वाटलं. पण शेवटी त्याच ओट्यापाशी दुसरी बायको उभी दिसते. एकीच्या सुटकेनं ओटा बदलत नाही. आणि जिला ना माहेर, ना शिक्षण, ना खोलीच्या भाड्याला पैसे, तिनं कुठं जायचं?

मैत्रिणींनो, आपणही सहा वाजले की बैठकीतून उठून पोळ्या लाटायला पळतो. वर 'घर सांभाळून चळवळ करते' असं एकमेकींचं कौतुक करतो. हे कौतुक आधी थांबवू या. 'मिसेस' वस्तीत जरूर दाखवा. पुरुषांना पुढच्या रांगेत बसवा. आणि नंतर 'सिनेमा कसा वाटला?' असं विचारू नका. 'आज भांडी कोण घासणार?' असं विचारा.