नव्या औषधाआधीचे सहा आठवडे

फुप्फुसाच्या कर्करोगाच्या चिकित्सेत गेल्या दहा वर्षांत जे स्थित्यंतर घडले, त्याची वार्ता आता भिवंडीच्या दवाखान्यांतही पोचली आहे. शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला मोकळीक देणारी इम्युनोथेरपी ही केमोथेरपी आणि किरणोपचार यांच्या जोडीला उभी राहिली आहे. साहजिकच रुग्णाच्या घरी पहिला प्रश्न निघतो तो असा की, ते नवे औषध आपल्याला परवडेल का? प्रश्न रास्त आहे, परंतु तो अर्धाच आहे. या औषधाचा लाभ कोणाला व केव्हा होतो हे पाहिले म्हणजे उरलेला अर्धा प्रश्न ध्यानात येतो. आणि तो किमतीच्या प्रश्नाहून कमी महत्त्वाचा नाही.

आपल्या रक्तातील टी-पेशी परक्या अथवा बिघडलेल्या पेशींचा नाश करतात. त्यांनी निरोगी पेशींवरच हल्ला करू नये म्हणून निसर्गाने त्यांना काही लगाम घातले आहेत. कर्करोगाच्या पेशी नेमका हाच लगाम खेचतात आणि टी-पेशींना थोपवून धरतात. हा लगाम सैल करता येतो हे दाखवून देणाऱ्या जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो या शास्त्रज्ञांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. किरणांनी गाठीतील पेशी मरू लागल्या की त्यांतील प्रथिने उघडी पडतात आणि टी-पेशींना शत्रूची ओळख पटणे सोपे जाते. म्हणून या उपचारांची सांगड घालण्याची कल्पना पुढे आली.

या कल्पनेची कसोटी ‘पॅसिफिक’ या चाचणीत लागली. तिचे पहिले निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. रोग छातीपुरताच मर्यादित आहे, परंतु शस्त्रक्रिया शक्य नाही, अशा ७१३ रुग्णांपैकी काहींना केमोथेरपी व किरणोपचार संपल्यानंतर वर्षभर दुर्व्हालुमॅब हे औषध देण्यात आले आणि उरलेल्यांना देण्यात आले नाही. पाच वर्षांनंतर औषध घेतलेल्यांपैकी ४२.९ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी ३३.४ टक्के रुग्ण हयात होते. म्हणजे शंभरांमागे नऊदहा जीव अधिक वाचले. ज्या रोगात पाच वर्षे जगणे हाच अपवाद होता, तेथे हा लाभ लहान नव्हे.

परंतु या चाचणीत एक अट होती आणि सगळा मुद्दा त्या अटीत आहे. केमोथेरपी व किरणोपचार पूर्ण झालेले आणि त्या अवधीत रोग न वाढलेले, अशाच रुग्णांना तीत प्रवेश होता. पुढे हेच औषध किरणोपचारांच्या बरोबरीने, पहिल्या दिवसापासून देऊन पाहिले गेले. २०२४ साली मांडल्या गेलेल्या त्या चाचणीत अपेक्षित लाभ दिसला नाही. रोग शरीरभर पसरलेला असेल, तर इम्युनोथेरपी केमोथेरपीच्या बरोबरच दिली जाते व तिचा उपयोगही होतो. मात्र जेथे रोग अजून मर्यादित आहे आणि बरे होण्याची आशा अजून जिवंत आहे, तेथे नवे औषध जुन्या दोन उपचारांच्या पायावरच उभे राहते. पाया अर्धवट राहिला, तर कळसाची किंमत विचारण्यात अर्थ नाही.

हा पाया घालावयास सहा आठवडे लागतात. आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सुमारे तीस वेळा रुग्णाने किरणयंत्राखाली जावयाचे असते आणि त्यात खंड पडू द्यावयाचा नसतो. भिवंडीच्या यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्या मजुराला याचा अर्थ काय होतो? गावचे रेल्वे स्थानक वसई–दिवा मार्गावर असल्याने परळच्या टाटा रुग्णालयात जावयाचे तर आधी रस्त्याने ठाणे अथवा कल्याण गाठावे लागते. मजुरी विणलेल्या मीटरवर मिळते. खाडा झाला की ती बुडते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपये आहे हे खरे. पण ती योजना रुग्णालयाचे बिल भागवते, बुडालेली मजुरी भागवत नाही. उपचार फुकट असूनही अर्धवट सुटतात ते यामुळे.

वस्तुतः यावर उपाय कायद्यात आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेखाली नोंदलेल्या कामगाराला, आवश्यक सेवाकाळ भरला असल्यास, कर्करोगासारख्या दीर्घ आजारात वेतनाच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. परंतु हा कायदा दहा अथवा अधिक कामगारांच्या कारखान्यास लागू होतो, आणि भिवंडीतील पुष्कळ कारखाने कागदोपत्री लहान लहान तुकड्यांत विभागलेले आहेत. मालकाचा वर्गणीचा खर्च वाचतो; त्याची खरी किंमत पुढे आजारी मजुराचे कुटुंब मोजते.

दुसरी गळती निदानापूर्वीच होते. क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या दाट वस्तीत खोकला आणि छातीच्या चित्रावरील सावली म्हणजे क्षयच, असे गृहीत धरले जाते. थुंकीत जंतू न सापडताही क्षयाची औषधे सुरू होतात, काही महिने जातात आणि मर्यादित असलेला रोग तोवर पसरतो. औषधांनी गुण येत नाही असे दिसताच सीटी स्कॅन व तुकड्याची तपासणी झाली, तर त्यासाठी येणारा खर्च नव्या औषधाच्या एका मात्रेच्याही पासंगाला पुरणार नाही.

आता किमतीकडे वळू. सर्वसाधारण वजनाच्या रुग्णास दुर्व्हालुमॅबच्या एका मात्रेची छापील किंमत लाखाच्या पुढे जाते आणि दर पंधरवड्यास एक या हिशेबाने वर्षाला सव्वीस मात्रा लागतात. जनआरोग्य योजनेची संपूर्ण मर्यादाही त्यापुढे तोकडी पडते. २०२४ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने या औषधावरील १० टक्के आयात शुल्क रद्द केले आणि पुढे वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आणला. पाऊल स्वागतार्ह आहे. पण लाखाची वस्तू पंच्याऐंशी हजारांस मिळू लागल्याने मागवाल्या मजुराच्या आवाक्यात येत नाही. करसवलतीचा लाभ उंबरठ्यावर उभा असलेल्यास होतो, रस्त्यावर उभा असलेल्यास नव्हे.

भाव खऱ्या अर्थाने उतरतो तो मोठा ग्राहक एकजुटीने बाजारात उतरला म्हणजे. नॅशनल कॅन्सर ग्रिडमधील रुग्णालयांनी कर्करोगाच्या ४० औषधांची खरेदी एकत्र केली, तेव्हा सुमारे ८२ टक्के बचत झाली. अर्थात तीत जुनी, अनेक उत्पादकांची औषधे होती. एकाच कंपनीच्या पेटंटखालील औषधाबाबत इतके यश मिळणार नाही. पण राज्याच्या योजनेने या सौद्यात आपली मागणी मिळवली, तर घासाघीस करण्याची ताकद वाढेल हे निश्चित.

तिसरा मार्ग मात्रेचा आहे. टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके व मानेच्या बळावलेल्या कर्करोगात निव्होलुमॅब हे याच वर्गातील औषध केवळ २० मिलिग्रॅम, म्हणजे रूढ मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी, इतर स्वस्त औषधांबरोबर देऊन पाहिले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. फुप्फुसाच्या रोगास हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही; त्यासाठी स्वतंत्र चाचणीच हवी. मात्र किती कमी औषध पुरेल, हा प्रश्न औषध विकणाऱ्याने विचारावा अशी अपेक्षा कोण करील? त्याचे उत्तर सर्वांच्या उपयोगाचे आणि म्हणूनच कोणाच्याच नफ्याचे नसते. अशा ज्ञानासाठी सार्वजनिक पैसा खर्च करणे ही उधळपट्टी नव्हे, ती शासनाची जबाबदारी आहे.

गरिबाने नव्या औषधाची आशा सोडावी, असा याचा अर्थ कोणी काढू नये. अर्थ उलट आहे. वेळीच निदान झाले, सहा आठवड्यांचे उपचार न तुटता पार पडले, तरच तो या औषधास पात्र ठरतो. आज पुष्कळांची वाट किमतीपाशी पोचण्याआधीच संपते. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत टाटातील रुग्णांना आसरा मिळतो. तशा खाटा वाढवणे, उपचारकाळात रोज ठराविक भत्ता देणे आणि यंत्रमाग कारखान्यांची कामगार विम्याखाली खरी नोंदणी करणे, या गोष्टींसाठी कोणत्याही पेटंटची मुदत संपण्याची वाट पाहावी लागत नाही. शासनाने आणि भिवंडीच्या महापालिकेने येथून आरंभ करावा. औषधाच्या भावाचा लढा त्याच वेळी चालू ठेवता येईल. तो जिंकला जाईल त्या दिवशी ते औषध घ्यावयास रुग्ण मात्र हयात असला पाहिजे.