अडत घेणाऱ्याने जबाबदारीही घ्यावी

सन २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातून मूत्रपिंडे निकामी झालेली लहान मुले एकामागून एक नागपूरच्या रुग्णालयांत दाखल होऊ लागली. त्यांना दिलेल्या खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते, असे तपासणीत उघड झाले. वीसहून अधिक बालके दगावली आणि त्यांतील अनेकांनी अखेरचा श्वास याच शहरात घेतला. या शोकांतिकेतील एक गोष्ट वेगळी काढून पाहण्याजोगी आहे. त्या बाटलीवर उत्पादकाचे नाव होते आणि उत्पादनगटाचा क्रमांकही होता. म्हणूनच ऑक्टोबरच्या आरंभी तपासाचा धागा तमिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यातल्या कारखान्यापर्यंत जाऊन पोहोचला. अनर्थ टळला नाही. परंतु जाब कोणाला विचारावयाचा, हे तरी ठरले.

आता याच घरांतील बाळांच्या इतर वस्तूंकडे दृष्टी टाकावी. दुधाची बाटली, खुळखुळा, दात येताना चघळावयाचे रबरी कडे, पांगुळगाडा, झोळी, उशी या वस्तू आज इतवारीतल्या किंवा सीताबर्डीवरल्या दुकानातूनच येतात असे नाही. त्या मोबाइलच्या पडद्यावर निवडल्या जातात आणि दोन-तीन दिवसांत दारात येऊन पडतात. पुडक्यावर बाजारपेठ चालविणाऱ्या कंपनीचे नाव ठळक असते. विक्रेता म्हणून एखादे अपरिचित नाव बारीक अक्षरांत छापलेले असते. खुळखुळ्यातला मणी सुटून बाळाच्या घशात अडकला, तर त्या कुटुंबाने जाब विचारावयाचा कोणाला? कारखाना परदेशात असू शकतो, आणि विक्रेत्याने तोवर आपले ऑनलाइन दुकान गुंडाळलेलेही असू शकते. बाजारपेठ मात्र म्हणते, आम्ही केवळ मध्यस्थ आहोत.

मध्यस्थ की दुकानदार?

हा युक्तिवाद प्रथम तपासला पाहिजे. ज्याने केवळ भिंत उपलब्ध करून दिली आणि दुसऱ्याने तीवर जाहिरात चिकटविली, त्याला मालाच्या दोषाबद्दल दोषी धरणे अन्यायाचे होईल, यात शंका नाही. परंतु आजच्या मोठ्या ऑनलाइन बाजारपेठा भिंतीपुरत्या राहिलेल्या नाहीत. विक्रेत्याचा माल अनेकदा त्यांच्याच गोदामात साठविला जातो आणि तेथूनच बांधून पाठविला जातो. पैसे त्या घेतात, परत आलेला माल त्या स्वीकारतात, कोणती वस्तू ग्राहकाला आधी दिसावी हे त्या ठरवितात आणि प्रत्येक विक्रीमागे शुल्क घेतात.

विदर्भातील वाचकाला अडत्या नवा नाही. कळमन्याच्या बाजारात अडत्या मालाचा मालक नसतो. तो अडत घेतो. तथापि त्याला परवाना लागतो, आणि शेतकऱ्याचे पैसे बुडाले तर ‘मी मधला माणूस’ म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत. व्यवहारातून ज्याला नियमित प्राप्ती होते, त्याने व्यवहाराच्या शुद्धतेची हमी दिली पाहिजे, हे तत्त्व आपल्या बाजारांनी फार पूर्वी मान्य केले. धान्याच्या पोत्याला जे लागू, ते तान्ह्या बाळाच्या बाटलीला लागू नसावे, हे चमत्कारिक आहे.

या विसंगतीचे मूळ काही अंशी शासनाच्या धोरणातच आहे. परकीय भांडवल असलेल्या कंपन्यांना देशातील ग्राहकांना स्वतःच्या मालकीचा माल ऑनलाइन विकण्याची मुभा नाही. ‘बाजारपेठ’ म्हणून काम करण्याची मात्र आहे. सन २०१६ व २०१८ च्या निर्देशांनी ही चौकट पक्की केली. लहान दुकानदाराचे संरक्षण हा तीमागील हेतू योग्यच होता. परंतु याच चौकटीत मालाच्या हमीची जबाबदारी विक्रेत्याची, असेही लिहिले गेले. परिणामी दुकानदारीची बहुतेक कामे करूनही कागदोपत्री दुकानदार न ठरण्याची सोय झाली. दुकानदाराला वाचविण्यासाठी उभारलेली भिंत ग्राहकाच्या वाटेत आडवी आली.

कायद्याचे दोन सूर

कायदाच नाही, असे मात्र नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष उत्पादनाच्या दायित्वावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातील ८६ व्या कलमानुसार, उत्पादक कोण हे कळत नसेल किंवा त्याच्यावर भारतात आदेश बजावता येत नसेल, तर विक्रेत्याला भरपाई द्यावी लागते. विक्रेत्याच्या व्याख्येत माल बांधणारा, वितरित करणारा व त्याचे विपणन करणाराही येतो. भारतीय मानक ब्युरोचा २०१६ चा कायदा तर, जेथे मानकचिन्ह सक्तीचे आहे तेथे ते नसलेला माल विकण्याबरोबरच साठविण्यास व विक्रीसाठी मांडण्यासही मनाई करतो. दुधाच्या बाटल्यांवर मानकचिन्ह १९९२ च्या कायद्यानेच बंधनकारक केले असून त्यांच्या जाहिरातीलाही त्यात बंदी आहे. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून हे चिन्ह सक्तीचे झाले.

दुसरीकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ७९ वे कलम मध्यस्थाला संरक्षण देते आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी काही अटींवर ते संरक्षण बाजारपेठांनाही मोकळे ठेवले. एक कायदा जबाबदारीचे दार उघडतो, दुसरा ते लोटून घेतो. ज्या कंपनीपाशी निष्णात वकिलांचा ताफा आहे, तिला या फटीतून निसटणे अवघड नाही.

व्यवहारात काय घडते, हे दोन उदाहरणांवरून दिसते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मानकात न बसणारे २,२६५ प्रेशर कुकर विकले गेल्याबद्दल अ‍ॅमेझॉनला १ लाख रुपये दंड ठोठावला आणि माल परत घेऊन ग्राहकांचे पैसे परत करण्यास सांगितले. या विक्रीतून कंपनीला शुल्कापोटी ६ लाख १४ हजारांहून अधिक रुपये मिळाले होते. प्रकरण पुढे दिल्ली उच्च न्यायालयात गेले. न्यायालयीन बाजू काहीही असो, मिळकतीच्या सहाव्या हिश्शाएवढा दंड हा धाक नव्हे. तो धंद्याचा किरकोळ खर्च होय. पुढे मार्च २०२५ मध्ये मानक ब्युरोने आपल्या धाडींचा जो तपशील दिला, त्यात लखनौ येथे अ‍ॅमेझॉनच्या गोदामातून २१५ व गुरुग्राम येथे फ्लिपकार्टच्या गोदामातून १३४ अप्रमाणित खेळणी जप्त झाल्याचे नमूद होते. ज्याच्या गोदामात माल सापडतो, तो निव्वळ निरोप्या कसा?

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

जबाबदारी वाढविली तर वस्तू महागतील आणि लहान विक्रेत्यांना बाजारपेठांचे दार बंद होईल, असा आक्षेप घेतला जातो. तो उडवून लावण्याजोगा नाही. घरी दुपटी शिवून विकणाऱ्या महिलेला प्रयोगशाळेच्या तपासणीचा खर्च झेपणार नाही. म्हणूनच नियम सरसकट नसावेत. खेळण्यांच्या आदेशातून नोंदणीकृत हस्तकारागिरांना वगळले गेले, तसा विवेक येथेही दाखविता येईल. परंतु वस्तू आज स्वस्त आहे याचा अर्थ तिची किंमत कमी आहे, असा होत नाही. तपासणीचा खर्च वाचला, तर तो अपघाताच्या रूपाने कोणत्या तरी घरावर पडतो. कायदेपंडित गिडो कॅलब्रेसी यांनी १९७० मध्येच मांडले की, अपघात टाळण्याचा खर्च ज्याला सर्वांत कमी पडतो, त्याच्यावर दायित्व टाकणे समाजाच्या हिताचे असते. पडद्यावरील चित्र पाहून प्लॅस्टिकमधील द्रव्ये ओळखणे मातेला शक्य नाही. विक्रेत्याकडून प्रमाणपत्र मागणे, तक्रारी एकत्र पाहणे आणि धोकादायक माल एका आज्ञेसरशी सर्वत्र थांबविणे बाजारपेठेला सहज शक्य आहे.

अन्य देश त्या दिशेने निघाले आहेत. अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी उत्पादन सुरक्षा आयोगाने जुलै २०२४ मध्ये अ‍ॅमेझॉनला तिच्या गोदामातून जाणाऱ्या मालापुरते ‘वितरक’ ठरविले. त्या प्रकरणातील चार लाखांहून अधिक वस्तूंत आगीच्या सुरक्षेचे निकष न पाळणारे मुलांचे रात्रीचे कपडेही होते. कंपनीने त्याविरुद्ध दावा लावला आहे. युरोपीय संघात १३ डिसेंबर २०२४ पासून अशा वस्तूसाठी संघाच्या हद्दीत एक उत्तरदायी व्यक्ती वा संस्था असणे अनिवार्य झाले.

आपल्याकडेही तीन गोष्टी व्हावयास हव्यात. जी बाजारपेठ माल साठविते व पाठविते, तिला त्या मालापुरते विक्रेता मानावे आणि मध्यस्थाचे संरक्षण तिला मिळू नये, अशी स्पष्ट तरतूद करावी. तीन वर्षांखालील मुलांच्या प्रत्येक वस्तूमागे भारतात पत्ता असलेला एक जबाबदार पक्ष असावा. तो न सापडल्यास भरपाई बाजारपेठेने द्यावी. आणि वस्तू धोकादायक ठरल्यास ती घेणाऱ्या प्रत्येकाला ठराविक मुदतीत कळविणे सक्तीचे करावे. इतवारीच्या दुकानदारापाशी गिऱ्हाइकाचा पत्ता नसतो. बाजारपेठेपाशी तो असतो, दूरध्वनी क्रमांकही असतो. नव्या मालाची जाहिरात ज्या तत्परतेने पोहोचते, त्या तत्परतेने धोक्याची सूचना पोहोचू नये, याला तांत्रिक अडचण म्हणता येणार नाही.

तोवर ग्राहकांनीही हाती असलेले साधन वापरले पाहिजे. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दाद मागण्याचा हक्क दिला आहे. कंपनीचे कार्यालय बंगळुरूत असो वा अन्यत्र, नागपूरच्या ग्राहकाला नागपूरच्या जिल्हा आयोगात जाता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. अशा तक्रारी होतील, त्यांवर निर्णय होतील, तेव्हाच कायद्यातील संदिग्ध शब्दांना निश्चित अर्थ येईल. मात्र तेवढ्यावर विसंबून शासनाने स्वस्थ बसू नये. आयोगाचा निवाडा अपघातानंतर येतो. आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत अपघातानंतर मिळणारा न्याय बहुधा फार उशिरा मिळालेला असतो.